मागून खाली

आमच्या गाडीला दोनच दारं होती. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं आहे. स्टँडर्ड हेराल्ड, सहासष्ट सालचं मॉडेल, रंग पूर्वी आकाशी आणि नंतर कसलाच नाही. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट दुमडायची, कमरेत वाकायचं, एक पाय आत टाकायचा, साडी सावरायची आणि मग बाकीचं शरीर त्या पायाच्या मागोमाग न्यायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी हे करत होते.

पुढे माझ्या सासूबाई बसत, गंगुबाई गजभिये. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्या एकदा बसल्या की सीट दुमडता येत नसे, म्हणून मला सगळ्यांच्या आधी चढावं लागे आणि सगळ्यांच्या शेवटी उतरावं लागे. चौदा एप्रिलला संसद मार्गावर त्या पांढऱ्या साडीत रुबाबात उतरत, नागपूरकडच्या बायका भोवती जमत, जयभीम होत, कुणाच्या नातवाचं कौतुक होई, आणि मी मागे बसून माझी आठवण कुणाला येते याची वाट बघत असे. गाडीचा डावीकडे वळण्याचा दिवा कधीच लागला नाही. त्यामुळे खिडकीतून हात बाहेर काढून वळण दाखवायचं काम पुढे बसणाऱ्याचं, म्हणजे सासूबाईंचं होतं. ते त्या मन लावून करत. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तरी हात काढत, आणि मागून येणारी बस बिचारी आम्ही वळायची वाट बघत राही.

पंच्याण्णव साली त्या गेल्या. मी रडले आणि खरंच रडले. आमचं भांडण कधी झालं नव्हतं. त्या पुढे, मी मागे, त्यामुळे भांडायला तोंडं समोरासमोर येतच नसत. पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक नागपूरला परतले, आणि पुढच्या रविवारी आम्ही आयएनए मार्केटला भाजी आणायला निघालो. पुढच्या सीटवर सासूबाईंची उशी होती, हिरव्या लोकरीची खोळ घातलेली. नवऱ्याने तिच्यावर भाजीची पिशवी ठेवली. मी दाराशी क्षणभर उभी राहिले. मग सीट दुमडली आणि मागे जाऊन बसले.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की 'पुढे बसू का' असं विचारायचं नाही. बोलावलं तर बसायचं. मला दागिने नको होते, काश्मीर नको होतं. 'पुढे बस' एवढे दोन शब्द हवे होते. ते यायला तीन वर्षं लागली, आणि त्यासाठी एक मोटारींची शर्यत व्हावी लागली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं मला शिकवलेलं. लिहिताना चालतं, असा निर्णय मी आता घेतला आहे. शामराव गजभिये केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माणूस सरळ. आवाज चढवणार नाही, पान खाणार नाही, फाइल अडवणार नाही. हिंदी पंधरवड्यात निबंधाचं पहिलं बक्षीस त्यांना दोनदा मिळालं होतं आणि दोन्ही प्रमाणपत्रं बैठकीत लावलेली होती. त्या प्रमाणपत्रांचा पुढे संबंध येतो.

तेव्हा दिल्लीत मोटारींचं वेड उघडउघड सुरू झालं होतं. यांच्या हाताखालच्या क्लार्कने हप्त्यावर नवी परदेशी गाडी घेतली. वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीबाईंकडे पांढरी झेन आली. ती चालू केली तरी चालू झाल्याचं कळत नसे. आमची हेराल्ड चालू झाली की पलीकडच्या ब्लॉकमधलं बाळ उठत असे. शामरावांनी नवी गाडी घ्यावी असं सगळ्यांचं मत होतं, आणि शामराव ते मत शांतपणे ऐकून घेत. मग केबल आलं. केबलवर रविवारी मोटारींच्या शर्यती लागत. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस टीव्हीसमोर बसून जपानमधल्या कुठल्यातरी वळणावर स्वतःच्या खुर्चीत डावीकडे झुकू लागला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पेपरात बातमी आली. जुन्या गाड्यांचा एक क्लब द्वारकेत शर्यत भरवणार होता. द्वारका तेव्हा म्हणजे नुसते रस्ते. रुंद, काळेभोर, दुभाजक घातलेले, दिव्यांचे खांब रोवलेले, आणि दोन्ही बाजूंना काहीही नाही. माणसं यायची होती. आम्हीही यायचे होतो. तिथल्या सारनाथ सोसायटीत आमचा फ्लॅट होता, म्हणजे होणार होता. सोसायटीचे सभासद होऊन आम्हाला इतकी वर्षं झाली होती, की अर्ज भरताना मांडीवर असलेली आमची मुलगी मैत्री आता कॉलेजात जात होती. शर्यतीचा मार्ग नेमका सारनाथच्या कोपऱ्यावरून वळत होता. हा शामरावांना शुभसंकेत वाटला. शुभसंकेतांवर विश्वास नसलेल्या घरात हे जरा अतीच झालं.

गाडीची अडचण तिच्या मागच्या चाकांची होती. दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून शामरावांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि जेवताना ते आम्हाला समजावून सांगू लागले, त्यामुळे मला हे सगळं ठाऊक आहे. हेराल्डची मागची चाकं एका आडव्या पाट्याला धरलेली असतात. पाटा म्हणजे लोखंडी पट्ट्यांची कमान, ट्रकखाली दिसते तशी. दोन्ही चाकं आपापल्या बिजागरीवर वरखाली होतात. भाजी आणायला जाताना याचा काही त्रास नाही. पण जोरात वळण घेतलं आणि मध्येच घाबरून पेट्रोलवरचा पाय काढला, की गाडीचं बूड वर उचललं जातं, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि गाडी मागून चवड्यांवर उभी राहते. तिथून कुशीवर पडायला वेळ लागत नाही.

यावर उपाय दोन. एक, पाट्याची कमान सपाट करून गाडी मागून खाली बसवायची. मग चाकं आधीच पाय फाकवून उभी राहतात आणि दुमडत नाहीत. दुसरा, वळणात पाय काढायचा नाही. हा दुसरा उपाय शामराव वरण वाढून घेताना, दात घासताना, झोपायच्या आधी म्हणत. 'वळणात पाय काढायचा नाही.' मैत्रीने ते वाक्य फ्रिजवर लिहून लावलं. मला भीती वाटत होती, हे मी कबूल करते. मी शाळेत गणित शिकवते. उभी वस्तू केव्हा आडवी होते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझा धाकटा भाऊ अतुल फरीदाबादला ट्रॅक्टरच्या कारखान्यात होता. त्याने तिथला एक मिस्त्री सुचवला, शंकर नावाचा. शर्यतीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन फरीदाबादला गेलो. अतुलची ड्युटी होती, तो आला नाही. मी मागेच बसले होते, कारण उतरायचं तर उशी आणि पिशवी आधी हलवावी लागली असती.

शामरावांनी शंकरला गाडीच्या मागे नेलं आणि बक्षीसपात्र हिंदीत सांगितलं, "देखो, पीछे से गाड़ी खाली करनी है।"

शंकर म्हणाला, "पीछे से खाली?"

"एकदम खाली। जितना हो सके।" आणि हाताचा तळवा जमिनीकडे दाबत दाबत पार गुडघ्यापर्यंत नेऊन दाखवला. शंकरने विचारलं, पूरा? शामराव म्हणाले, पूरा. शंकरने वाकून मागच्या काचेतून आत बघितलं, मला नमस्कार केला, आणि हो जाएगा म्हणाला. शनिवारी गाडी घेऊन जा, असं ठरलं.

मी हे सगळं कान देऊन ऐकलं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आम्ही दोघंही दिल्लीत पंचवीस वर्षं हिंदी बोलत आलो होतो. शामरावांच्या सेक्शनमध्ये दोन खुर्च्या खाली आहेत, म्हणजे रिकाम्या आहेत, हे ते रोज वरिष्ठांना हिंदीतच सांगत. पण खुर्ची ही ऑफिसची गोष्ट होती आणि गाडी घरची. घरच्या गोष्टीबद्दल तोंड उघडलं की आतून मराठीच येते, वरून तिला फक्त 'है' लावलेलं असतं.

शनिवारी आम्ही बसने गेलो. या वेळी अतुल होता. शंकरने गाडी धुऊन पुसून बाहेर काढून ठेवली होती. लांबूनच मला काहीतरी वेगळं वाटलं. गाडी मागून खाली तर नव्हतीच, उलट चार बोटं वर गेली होती. नवीन चपला घातलेल्या माणसासारखी ती टाचा उचलून उभी होती. शंकरने अभिमानाने दार उघडलं, पुढची सीट दुमडली आणि आत हात दाखवला.

मागे काही नव्हतं. नुसता पत्रा होता. बैठक गेली होती, टेकायची पाठ गेली होती, गालिचा, जादा चाक, जॅक, मैत्रीने लहानपणी पेनाने फुलं काढलेला दाराच्या आतला पुठ्ठा, सगळं गेलं होतं. पेट्रोलची टाकी तेवढी शंकरने ठेवली होती. ती काढली असती तर गाडी घरी कशी नेणार, एवढा विचार त्याने केला होता.

"बिल्कुल खाली, साहब," तो म्हणाला.

अतुलला आधी समजलं आणि तो भिंतीला हात लावून हसू लागला. शामरावांना कळायला थोडा वेळ लागला. शंकरवर चिडायला जागाच नव्हती. त्याने सांगितलं ते चोख केलं होतं. मागचं ओझं काढल्यावर पाटा वर येणारच, आणि पाटा वर आला की चाकं दुमडायला मोकळी. गाडी पूर्वी जेवढी उलटण्यासारखी होती, त्याहून जास्त आता होती. शर्यत उद्या. शामरावांनी हातानेच कमान काढून दाखवत, आज पाटा सपाट होईल का, म्हणून विचारलं. पाटा भट्टीत घालावा लागतो आणि भट्टीवाला लग्नाला पलवलला गेला होता. तो सोमवारी येणार होता.

मग सीट कुठे आहे, हे शामरावांनी विचारलं. शंकरने रस्त्यापलीकडे बोट केलं. चहाच्या टपरीसमोर दोन विटांवर आमची मागची सीट मांडलेली होती आणि तिच्यावर दोन ड्रायव्हर बसून चहा पीत होते. खाली करायला सांगितलं म्हणून त्याने ती देऊन टाकली होती. टपरीवाल्याला ती फार आवडली होती.

शामराव गाडीभोवती दोन चकरा मारून आले. त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचा प्रकाश दिसला. निबंधाचा विषय सुचला की तो तसा दिसतो.

"प्रभा," ते म्हणाले. एरवी ते मला 'अगं' म्हणतात. "इतकी वर्षं ही गाडी कधी उलटली नाही. का, माहीत आहे? तू मागे होतीस. तुझं वजन होतं मागे."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं, यात शंका नाही. मग पुढचं सांगितलं. मी आत्ता मागे पत्र्यावर पोतं टाकून बसावं, म्हणजे गाडी नीट दिल्लीला जाईल. आणि उद्या शर्यतीतही, मला चालत असेल तर. पुढे अतुल बसेल. जुन्या गाड्यांच्या वर्गात दोन माणसं लागतातच, तिसरं चालतं, त्यांनी नियम वाचला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रस्ता ओलांडून टपरीवर गेले. ड्रायव्हर उठले, भले लोक होते. मी आमच्या सीटवर बसले, माझ्या नेहमीच्या जागी, उजव्या बाजूला, जिथे स्प्रिंग थोडी टोचते. चहा सांगितला. शामराव मागोमाग आले आणि उभे राहिले.

"मी वजन नाही," मी म्हणाले.

ते म्हणाले, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

"आई गेल्यापासून तीन वर्षं पुढची सीट रिकामी आहे. तुम्ही तिच्यावर भाजी ठेवता. वांगी पुढे आणि मी मागे. एकदा तरी म्हणालात का, पुढे बस म्हणून?"

शामराव खरोखर विचारात पडले. आठवून बघत होते, असं वाटलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला मागे आवडतं."

मी चहा संपवला. डोळ्यांत पाणी आलं होतं ते चहाच्या वाफेवर ढकलून दिलं. अतुलला म्हटलं, स्कूटर काढ. मी त्याच्या मागे बसून दिल्लीला आले, आणि शामराव ती चवड्यांवरची गाडी बैलगाडीच्या वेगाने मथुरा रोडवरून घेऊन आले. माझ्यानंतर दीड तासाने पोचले.

घरी मैत्रीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, यार, तुम्ही 'नीचे' म्हणायला पाहिजे होतं ना. खाली मतलब एम्प्टी." शामरावांनी बैठकीतल्या प्रमाणपत्रांकडे एकदा बघितलं आणि बनियनवरच अंगणात जाऊन गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले. गाडीच्या पुढच्या भागात बिघडलेलं काही नव्हतं.

रविवारी सकाळी अतुल आला आणि ते दोघं हेराल्डमधून द्वारकेला गेले. मी जाणार नव्हते. पण विजयालक्ष्मीबाईंनी झेन काढली, मैत्री तयार होऊन बसली, आणि घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं, असं मला वाटलं. उलटलीच गाडी, तर निदान मी तिथे असेन.

सारनाथच्या कोपऱ्यावर पोचले तर शामराव आणि अतुल सोसायटीच्या बांधकामावरून वाळूची पोती वाहत होते. सोसायटी म्हणजे खांब होते आणि एक पाटी होती. चौकीदाराला शामरावांनी सभासदत्वाची पावती दाखवली होती. सोसायटीकडून आम्हाला मिळालेली ही पहिली गोष्ट. पोती मागच्या पत्र्यावर आडवी टाकून नायलॉनच्या दोरीने आवळली, तशी गाडी हळूहळू मागून खाली बसली. पाटा दबला, चाकांनी पाय फाकले. शामराव वाकून ते बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तपासायला हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी होते, मिशा पांढऱ्या आणि बूट चकचकीत. त्यांनी पोती हलवून बघितली, दोरी ओढून बघितली, आणि मान डोलावली. मग पुढच्या सीटपाशी आले आणि उशीवर काठी टेकवली. गाडीत सुटं काहीही चालणार नाही, ते म्हणाले. पोती बांधलेली आहेत. ही उशी बांधलेली नाही.

शामरावांनी उशी उचलली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा गाडीबाहेर निघाली होती. खालचं रेक्झिन तेवढ्याच चौकोनात अजून आकाशी होतं. ते उशी हातात धरून उभे राहिले. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. गाडीच्या टपावर ठेवली, पुन्हा उचलली. त्यांचा चेहरा बघून माझा राग निम्मा गेला. पोटच्या पोराला आईची आठवण यायचीच, आणि ती कुठेतरी ठेवायला लागते. त्यांनी ती सीटवर ठेवली होती. माझा राग त्याच्यावर नव्हताच. निम्मा राग मात्र शिल्लक होता, कारण तेवढ्यात अतुल हेल्मेट घालून पुढच्या दाराकडे निघाला.

"आगे कौन बैठेगा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अतुलने दाराला हात घातला.

"अतुल, थांब," शामराव म्हणाले. मग माझ्यासमोर आले. उशी दोन्ही हातांत, हेल्मेट कपाळावर आलेलं. "प्रभा, तू पुढे बस."

मी म्हटलं, "कशाला? वजन कमी पडतंय?"

"वजन मागे आहे," ते म्हणाले. "तू पुढे बस."

मी अतुलचं हेल्मेट घेतलं. ते मला मोठं होत होतं. उशी मैत्रीकडे दिली, साडीचा पदर खोचला आणि पुढच्या सीटवर बसले. वाकावं लागलं नाही. दार उघडलं, बसले, दार लावलं. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

सात गाड्या होत्या आणि पाच फेऱ्या. रस्त्याच्या मध्ये एक गाय उभी होती म्हणून सुरुवात लांबली. गाय गेल्यावर झेंडा पडला. पहिलं वळण डावीकडे होतं, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढला. शर्यतीत हात दाखवत नाहीत, हे मलाही कळतं. पण दिवा लागत नव्हता, आणि पुढे बसणाऱ्याचं ते काम असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत शामरावांना पुढच्या मॉरिस गाडीला गाठायचा चेव चढला आणि सारनाथच्या कोपऱ्यावर ते नको तेवढ्या जोरात आले. मी हात आत घेतला. गाडी वळली, मागे दोरी करकरली, पोती सरकायला लागली आणि माझ्या पाठीमागे बूड वर उचललं जातंय हे मला स्पष्ट जाणवलं. शामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं मागे बसून मी त्यांची मान बघितली होती. मानेवरून माणूस घाबरला की नाही ते कळत नाही. पुढे बसल्यावर पहिल्यांदा मला त्यांचा गुडघा दिसत होता, आणि तो गुडघा वर यायला लागला होता.

"पाय काढू नका," मी म्हणाले. वरण वाढताना म्हणावं तशा आवाजात.

त्यांनी पाय काढला नाही. गाडी थरथरली, आडवी सरकली, तिने सोसायटीच्या पाटीकडे बघून घेतलं, आणि मग मागून हळूच खाली बसली आणि सरळ निघाली. पाटीवर 'शीघ्र आ रहे हैं' असं लिहिलेलं होतं. पुढच्या वळणावर मी पुन्हा हात काढला.

आम्ही पाचवे आलो. दोन गाड्या मध्येच बंद पडल्या होत्या, त्यामुळे पाचवा म्हणजे शेवटचा. चषक वगैरे काही नव्हतं. टायर कंपनीने सगळ्यांना एकेक टोपी दिली. शामराव उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी दार उघडलं. काही बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "वळणात पाय काढायचा नाही." मी म्हटलं, "तेच म्हणाले मी." त्यांनी मान हलवली आणि दाराची कड धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. हे आम्ही चारचौघांत करत नाही.

पोती सोसायटीला परत केली. चौकीदाराने मोजून घेतली. मैत्री विजयालक्ष्मीबाईंबरोबर झेनमधून जायला निघाली आणि जाताना उशी बापाच्या हातात देऊन गेली. शामराव पुन्हा ती धरून उभे. या वेळी त्यांनी विचारलं, कुठे ठेवू? मी म्हटलं, द्या इकडे. पाठीमागे घेतली. आता माझीही पाठ दुखते, आणि सासूबाईंची उशी चांगल्या कापसाची होती.

मागे पोती नव्हती, सीट नव्हती, नुसता पत्रा होता आणि गाडी पुन्हा चवड्यांवर उभी राहिली होती. मी पाणी प्यायला म्हणून उतरले होते. तेवढ्यात अतुल आला, सकाळच्या सवयीने पुढचं दार उघडून आत बसायला लागला.

"मागे खाली आहे," शामराव म्हणाले.

हे खाली मराठीतलं की हिंदीतलं, ते मी विचारलं नाही. अतुलने माझ्याकडे बघितलं, शामरावांकडे बघितलं, आणि सीट दुमडली. नव्वद किलोचा माझा भाऊ कमरेत वाकला, एक पाय आत टाकला, बाकीचं शरीर त्या पायामागोमाग नेलं आणि पत्र्यावर मांडी घालून बसला. गाडी मागून खाली गेली. मी सीट सरळ केली, उशी ठेवली आणि पुढे बसले. शामरावांनी किल्ली फिरवली.

"ताई," मागून आवाज आला, "मी उतरणार कसा?"

"सगळ्यांच्या शेवटी," मी म्हणाले, आणि डावीकडे वळायचं होतं म्हणून हात बाहेर काढला.